आप्पांचा खुराक

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला काही लिहावं असं सुचलंच नाही. आज लिहितेय, कारण गेल्या रविवारी मी चारचौघांत तुमचं हसं केलं. तेव्हापासून तुमच्या फोटोसमोरून जाताना मान वर होत नाही.

बदलापूरला आमच्या शाळेच्या हॉलमध्ये बॅडमिंटनच्या मुलांच्या पालकांची सभा होती. विषय, खेळाडूचा आहार. बोलणार मी, खेळाच्या बाई! लोक जांभया द्यायला लागले, म्हणून मी तुमची गोष्ट काढली. "माझे वडील गावाकडचे पैलवान. अंबरनाथला कंपनीत लागले, पण डोक्यातली तालीम काही सुटली नाही. मला फुलासारखं हलकं शटल मारायचं, आणि ते मला कुस्तीचा खुराक चारायचे!" हॉल असा हसला म्हणता! मलाही चेव चढला.

मग ती उल्हासनगरची मॅच सांगितली. तुम्ही पहाटे उठून बदाम-खसखस वाटलीत. तुपात थबथबलेला शिरा, वर तांब्याभर थंडाई. मी नको नको म्हणतेय, आणि तुम्ही, "खा की गं! पोटात असंल तर पायात येतंय." जिल्ह्याच्या संघाची निवड त्याच मॅचवर होती. पहिला गेम कसाबसा काढला. दुसऱ्यात पुढे वाकून ड्रॉप उचलायला गेले आणि सगळं नेटजवळ ओकले. मॅच गेली, संघही गेला. हे सांगताना मी तुमची नक्कल केली, आप्पा. मिशीवरून हात फिरवून दाखवला. लोक पोट धरून हसले.

पुढचं मात्र सांगितलं नाही. का? हशा ओसरला असता म्हणून. एवढंच!

लोक नाकाला रुमाल लावून मागे सरले, तेव्हा कोर्टावर तुम्ही आलात. खांद्यावरच्या पंच्याने माझं तोंड पुसलंत, मग त्याच पंच्याने जमीन. मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आणि तुम्ही? सरळ समोरच्या मुलीच्या सिंधी कोचपुढे जाऊन हात जोडलेत. "मास्तर, तुमची पोरगी काय खाऊन येती? माझं चुकलंय."

ते हसले नाहीत. म्हणाले, "अरे भाईसाब, ये कुश्ती थोडी है! खेलने के तीन घंटे पहले सादा दाल-चावल. बीच में केला, नींबू-पानी, चुटकीभर नमक. घी-बदाम खेलने के बाद, और थोडा." घरी येईपर्यंत तुम्ही ते पाढ्यासारखं घोकत होतात. मग मॅचच्या दिवशी वरणभात, पिशवीत केळी, आणि तूप फक्त रात्रीच्या भाकरीवर. पुढच्या मोसमात तिसऱ्या गेमला समोरच्या मुली दमायच्या, मी नाही. तुम्ही भरल्या हॉलमध्ये शिकलात, आणि मी भरल्या हॉलमध्ये तुम्हाला अडाणी ठरवलं!

सभा संपल्यावर एक आई थांबली. बेलवलीची. शेजारी तिची मुलगी, चांगली खेळते पण दुसऱ्या गेमलाच तिच्या पायात गोळे येतात. मी आपली तिला ओरडायचे, "जिद्द नाही तुझ्यात!" ती आई हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या वडलांनी जास्ती का होईना, पण दिलं तरी. आमच्यात दूध पोराला आणि पोरीला चहा. तिचे पप्पा ऐकतच नाय."

आप्पा, तेव्हाच मला आत्या आठवली. गावाहून आली होती, माझ्या हातात थंडाईचा पेला बघून तिने कपाळाला हात लावला. "दादा, पोरीच्या जातीला खुराक? उद्या सासरी जायाची ती. तिच्या भावाला पाज की!" तुम्ही वर न बघता बदाम सोलत म्हणालात, "मैदानात उतरतंय कोण? ही. मग खुराक हिचाच."

तुमच्या घराण्यात एकाही बाईच्या वाट्याला खुराक आला नव्हता. पहिला माझ्या वाट्याला आला, आणि त्याचा मी विनोद करून टाकला. लाज वाटते हो आप्पा, फार लाज वाटते. आणि थोडा तुमचाही राग येतो. हे असं काही आपण केलंय, असं एकदा तरी बोलून दाखवायचंत ना!

येत्या रविवारी पुन्हा पालकांना बोलावलंय. त्या मुलीच्या पप्पांना मी स्वतः घरी जाऊन सांगून आले, पहिल्या रांगेत बसा म्हणून. तुम्हाला शब्द देते, थंडाई सांगेन, ओकणंही सांगेन, लोक हसले तर हसू देईन. पण आत्याला तुम्ही दिलेलं उत्तर त्या माणसाच्या कानांवर घातल्याशिवाय खाली बसणार नाही. आणि माझ्या त्या विद्यार्थिनीची माफी मी सगळ्यांदेखत मागेन. ती पोर कमी पडत नव्हती हो. उपाशी खेळत होती.

तुमची,
सुली