सुतकातलं पाणी

प्रिय आत्याबाई,

सुनेनं सासूला पत्र लिहावं, आणि तेही सासू गेल्यावर! पण काल तुमच्या दहाव्याला सगळी भावकी माझ्यावर तुटून पडली आणि माझी बाजू घेणाऱ्या तुम्हीच तेवढ्या तिथं नव्हता. मग सांगू कुणाला?

भांडण आपल्या गांडूळखतावरून. सुतकात कामाला हात लावायचा नाही, हे काय मला ठाऊक नाही? पण या उन्हात शेणपाचोळ्याच्या बेडवर पाणी मारलं नाही तर गांडुळं वाळून मरतात. तुम्हाला पोचवून माणसं परतली, मी अंघोळ केली आणि झारी उचलली. बायकांनी तोंडाला पदर लावले. लावू देत!

नवी नवरी होते तेव्हा मला गांडुळांची किळस यायची. तुम्ही माझ्या ओंजळीत मूठभर ठेवलीत. "भितीस कशाला? इरजण हाय ह्ये. कुणी मागितलं तर मूठभर द्यायचं, पर आपलं संपू द्यायचं न्हाय." आज केळीवाले जेऊरहून टेम्पो घेऊन आपल्या दारात येतात. शेण आपलं, पाचोळा आपला, कुणापुढं हात पसरायला नको. आणि हे मी बंद करू?

काल पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. तुमचे दीर, अण्णा, म्हणाले, "हिनं सुतक मोडलं, म्हातारीचा जीव आडकलाय. किड्यांचं दुकान बंद करते म्हण, मंग बघ शिवतोय का न्हाय." तुमचे चिरंजीवही माझ्याकडंच बघायला लागले!

मी म्हटलं, "तसं न्हाय म्हणणार मी! आत्याबाईंनी जन्मभर बेडवरचे कावळे दगडं मारून हाकलले. आज जेवायला कशाला येतील त्ये?"

नणंदबाई खुदकन हसल्या आणि मग हमसून रडल्या. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. अहो, कधीतरी कावळ्यांशी गोड बोलायला काय झालं होतं तुम्हाला?

घरी येऊन बेडवरचं गोणपाट सारखं करताना मीही रडले. खूप रडले. पण पाणी मारूनच उठले.

आज सकाळी बघते तर एक कावळा गोणपाट उचकटून चोच मारतोय. तुम्हीच का हो? मी आधी हात जोडले. मग खराटा उचलला.

शब्द देते, आत्याबाई. रोज भिंतीवर तुमच्यासाठी भाकरी ठेवीन, तिथं हक्कानं या. बेडवर उतरलात तर मात्र हाकलीन, तुम्ही असलात तरी.

तुम्हीच तयार केलेली,
सुमन