गरम तुकड्याचं माप

सर, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, आणि तुमच्या त्या एकुलत्या एक शोधनिबंधाचा संदर्भ आता पुष्कळ लोक देतात. मला कळलं तेव्हा मी कॉलेजातून उठून पेढे घेऊन थेट शेवगावला, तुमच्या घरी काकूंकडे गेले. काकूंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "येडी हायेस का तू?"

नागापूरच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही मला पहिल्यांदा नेलंत तेव्हा ऐन उन्हाळा होता. लेथवरून नुकताच उतरलेला तुकडा मी उचलते, मोजायला मायक्रोमीटर लावते, आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेता. "गरम हाय अजून. फुगलेलं माप घेऊन काय करशील? थांब की जरा!" सगळ्यांसमोर. रडू आलं होतं मला, राग तर लईच. पुढे तेच तुम्ही निबंधात लिहिलंत. सुरुवातीला लोकांचा समज, की लगेच मोजलं तरी चालतं. आणि नंतरची सगळी पानं तो समज खोडायला.

हल्ली माझं कामच हे, मापनशास्त्रात कोण कुणाचा संदर्भ देतं ते बघायचं. म्हणून ते लेख एकेक करून वाचले आणि डोकंच फिरलं. तुम्ही म्हणे सिद्ध केलंत, की लगेच मोजलं तरी चालतं! पहिल्या लेखकाने नुसती सुरुवात वाचली, बाकीच्यांनी त्याचं बघून उतरवलं, पान क्रमांकाची चूकसुद्धा तशीच. एवढे शिकलेले लोक, मूळ निबंध उघडायला काय धाड भरली होती? हे माझ्या लेखात घालावं, तर काकूंचा आनंद माझ्याच हाताने मोडायचा. गप्प बसावं, तर तुमच्या नावावर तुमच्याच म्हणण्याच्या उलटं चालत राहणार.

गेल्या रविवारी जाऊन सांगितलं. काकू गवार मोडत होत्या, त्यांचे हात थांबले.

"म्हंजी वाचलं कुनीच न्हाई व्हय?"

"मी वाचलाय, काकू."

त्यांनी हातातली शेंग मोडली. मग म्हणाल्या, "मंग तू लिव्ह. ते काय म्हनले हुते ते लिव्ह." मी लिहिलं, लेख पाठवलासुद्धा.

हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. आज सकाळी तुमचं नाव पुन्हा शोधलं. संदर्भ एकाने वाढला होता, तोही चुकीचाच. तरी सर, तुमचं नाव आणखी एका ठिकाणी बघून मला फार बरं वाटलं.