देवडीतली खाट

प्रिय चिमणे,

माझं अक्षर बघून हसू नकोस, शाळेशी माझं जमलंच कुठे. तुमच्या ऑफिसाने गावचा जुना दरवाजा दुरुस्त केला, रविवारी उद्घाटन, आणि मला तू पहिल्या खुर्चीत बसवणार. पण धीर धरवेल ती मी कसली! शेजारणीला घेऊन कालच गुपचूप बघून आले.

काय गं चकचकीत केलाय! ज्या खिळ्यांवर आम्ही ओल्या चड्ड्या वाळत घालायचो, तिथे आता दोरी, हात लावू नका म्हणून. उद्घाटनाआधीच तिकिटं सुरू! तिकीटवाला म्हणाला, आजी, तुम्हाला अर्धं तिकीट. म्हटलं, बाळा, माझा जन्म आतलाच, मला कसलं तिकीट? तर हसला मेला. घेतलं बाई अर्धं.

आणि दरवाजाच्या पोटातली आपली देवडी! पहारेकऱ्याची खोली, अशी पाटी, आणि माझे बाबा पुतळा होऊन उभे. मिशा जरा जास्तच दिल्यास, एवढ्या असत्या तर आई नांदलीच नसती. ती खिडकीशी खाटेवर, गोधडी शिवतेय, हसतेय. मी सांगितलं तस्संच केलंस गं, चुलीवरचा काळा डागसुद्धा. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंस. काढलं खरं. माणसांना हाकललं नि पुतळ्यांना घर दिलं, वर पंखा! आम्ही तिथे उकाड्याने शिजायचो.

आम्ही ते घर सोडलं, एवढंच तुला म्हणत आले. पुढचं तोंडातून निघायचं नाही. दरवाजा जुना, मोलाचा, म्हणून तेव्हाच्या साहेबांना तो मोकळा करायचा होता. आई तापाने फणफणलेली. बाबा म्हणाले, ही उठून बसेपर्यंत तरी थांबा. गड्यांनी तिच्यासकट खाट उचलली नि रस्त्यावर ठेवली. तिथेच गेली ती, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांशी. तुझ्या पाटीवर मात्र लिहिलंय, पुढे हे कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं.

तुझ्यावर राग नाही, तुला कुठे ठाऊक होतं. पण रविवारच्या आत ती खाट उचल आणि दरवाजाबाहेर ठेव, आईसकट. येऊ दे लोकांच्या वाटेत. ठेवलीस तर मी येते, खाटेशी खाली बसते. नाहीतर माझी खुर्ची तुझ्या साहेबांना दे.

तुझीच,
देवडीत जन्मलेली आजी