दोनशे बारा बिल्ले

सोमवार, ९ फेब्रुवारी १९८७. पोर्ट हेस्लप

पोचले एकदाची! पणजोबांचं दगडी घर आठवडाभर माझं एकटीचं. चुलत बहीण नोरीनने खजूर घातलेले गरम स्कोन आणून ठेवले होते; चार खाल्ले, लाज वाटली नाही.

रविवारी सभागृहात कुळमेळावा आहे. १८७४ साली इंग्लंडहून जहाजाने इथल्या वसाहतीत आलेल्या एनॉक ______ यांचे दोनशे बारा वंशज जमणार. त्यांच्या सात मुलांच्या शाखांना सात रंगांचे बिल्ले. ते लिहायचे, वंशावळ वाचायची, हे माझं काम. तीस वर्षं मुख्याध्यापिका होते, अक्षर अजून वळणदार आहे.

मी मर्ल ______, वय एकसष्ट. लग्न केलं नाही म्हणून आडनाव तेवढं शाबूत राहिलं, असं नोरीन चिडवते. मला त्याचा अभिमान आहे.

मंगळवार, १०

क्लॅरीकाकांकडे गेले. वय सत्त्याऐंशी, पणजोबांना प्रत्यक्ष पाहिलेले हे एकटेच उरलेत. म्हणाले, म्हातारा समुद्रात खुशाल पोहायचा, पण तळ्याच्या जवळपास फिरकायचा नाही. मागून कुणी आडनावाने हाक मारली, तर भरल्या ताटावरून उठायचा. सही येत नव्हती, फुली मारायचा. “फुली मारली म्हणून काय झालं, सात पोरं झालीच की,” असं म्हणून काका खोकला येईपर्यंत हसले.

बुधवार, ११

वंशावळीसाठी मी चौकशी केली होती, त्या इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या, पणजोबांच्या मूळ गावच्या पाद्रीबाबांचं पत्र आलं. सोबत दोन नकला.

पहिली, वसाहतीत येणाऱ्यांना सरकार देई त्या फुकट प्रवासासाठी एनॉकने केलेला अर्ज. खाली सुरेख सही. फुली नाही.

दुसरी, दफनाची नोंद. एनॉक ______, वय बावीस, गिरणीच्या तळ्यात बुडालेला सापडला, खिसे रिकामे. जहाज सुटलं त्याच्या तीन दिवस आधी.

पाद्रीबाबा लिहितात, त्याच आठवड्यात गावातून नाहीसा झाला एनॉकचा मित्र जॉब लेग. निरक्षर, सशांच्या चोरीसाठी तुरुंगात जाऊन आलेला. असल्या माणसाला फुकट प्रवास कोण देणार?

म्हणजे माझे पणजोबा जॉब लेग. आणि आमचं आडनाव तळ्यात पडलेल्या पोराच्या खिशातलं.

नोरीनला सांगितलं. ती म्हणाली, “मर्ले, गाडलेली मढी कशाला उकरतेस बाई? लोक केक खायला येणार आहेत.” मी तिला सुनावलं, की मुलांना खोटं शिकवायला मी तीस वर्षं फळ्यापुढे उभी नव्हते. रविवारी सगळं सांगणार.

गुरुवार, १२

दुपारी लिहून ठेवलेल्या बिल्ल्यांचा खोका उघडला. शाई फुटली होती, पण फक्त आडनावांवरची. वर हिरवं शेवाळ. गोड्या पाण्यातलं. इथे आसपास तळं नाही, नुसता समुद्र.

दारापासून टेबलापर्यंत ओली अनवाणी पावलं. परत गेल्याची नाहीत.

भ्याले, खोटं कशाला सांगू? फडक्याने पावलं पुसली आणि सगळे बिल्ले नव्याने लिहिले.

शुक्रवार, १३

न्याहारीपर्यंत पुन्हा पुसली गेली. दोनशे बाराही.

पोस्टमनने पाकीट दिलं, त्यावर नुसतं ‘मर्ल’. दुकानात नोरीन माझी ओळख करून देत होती — ही माझी बहीण, मर्ल... मर्ल... — आणि अडली. हसली. डोळ्यांत हसू नव्हतं.

ही रोजनिशी मागे चाळली. जिथे जिथे आडनाव लिहिलं होतं, तिथे ओला डाग. आठवून पुन्हा लिहायला गेले, पेन तिथेच घसरतं.

शनिवार, १४

भर दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात. कोवळं पोर. केसांत शेवाळ, खिसे उलटे बाहेर लोंबणारे.

रडू आलं मला. मग रागही आला. त्याला म्हटलं, बाळा, तुझ्यावर अन्याय झाला. तो उद्या सगळ्यांसमोर सांगते. तुझ्या नावाचा दगड मी उभारते. पण तू हे आडनाव बावीस वर्षं वापरलंस, आम्ही एकशे तेरा. मळे केले, लढायांत पोरं दिली. मागतोस ते आता तुझं एकट्याचं राहिलेलं नाही.

त्याने फक्त हात पुढे केला —

रविवार, १५. सभागृह

अकरा वाजलेत. सगळे बिल्ले कोरे. माणसं एकमेकांकडे बघतात, परक्यासारखी —

क्लॅरीकाकांनी मला अदबीने विचारलं, बाई, आपण कुणाच्या?

उभी राहिले. सांगितलं सगळं. जॉब लेग, तळं, खिसे. फक्त आडनाव तोंडातून निघेना, पाणी आलं —

तो दारात आहे. आता सगळ्यांना दिसतो. खुर्च्यांमधून येतोय —

नोरीन ओरडतेय, देऊन टाक, मर्ले —

नाही देणार. शाई नको. शिसपेन्सिल आहे पर्समध्ये. पाण्याने शिसं फुटत नाही, पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं.

चोरीचं असेल. पण मी ते जगले आहे. मोठ्या अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिते, घे हिंमत असेल तर. कागद भिजतोय —

मी म