चेंडू जमिनीला टेकला की घरी

बाबा,

आपल्या ब्लॉकखालची पाटी बदलली. जुनी आठवते ना, लाल वर्तुळात फुटबॉल आणि त्यावर तिरपी रेघ? आता नवीन लावली आहे. तिच्यात सायकल आहे, स्कूटर आहे, आणि फुटबॉल बिचारा एका कोपऱ्यात बारीक होऊन बसला आहे. परवा कामावरून येताना मी तिच्यासमोर थांबले आणि मला हसू आलं, कारण सिंगापूरच्या या सगळ्या वुडलँड्समध्ये ती पाटी तुमच्याइतकी मन लावून कुणी वाचली नसेल. मी आठ वर्षांची असेन. तुम्ही मला तिच्यासमोर उभं केलंत आणि म्हणालात, "नीट वाच. फुटबॉल खेळायला बंदी आहे. झेलायला बंदी आहे असं कुठे लिहिलंय?"

तुम्ही कायदा पाळणारे. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत फुटपाथवरून पाय न उचलणारे. आणि मुलगी झपाटलेली फुटबॉलने, त्यातही गोलकीपर व्हायचं म्हणणारी. त्यावर तुम्ही तोडगा काढलात तो असा, की चेंडू जमिनीला टेकूच द्यायचा नाही. म्हणजे आवाज नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चिनी अंकलची तक्रारही नाही. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून कंपनीची बस तुम्हाला सहाच्या सुमारास कोपऱ्यावर सोडायची. मी चेंडू पोटाशी धरून व्हॉइड डेकमध्ये, तळमजल्यावरच्या त्या खांबांच्या मोकळ्या जागेत, वाट बघत असायचे. तुम्ही डब्याची पिशवी लेटरबॉक्सखाली ठेवता, गळ्यातला पास शर्टाच्या खिशात कोंबता, आणि सेफ्टी शूज घातलेल्या पायांनी दहा पावलं मोजून उभे राहता. मग सुरू. डावीकडे, उजवीकडे, डोक्यावरून, गुडघ्याशी. चेंडू एकदा जरी जमिनीला टेकला तरी तुम्ही पिशवी उचलायचात. "चला, घरी." वाद नाही, आणखी एक संधी नाही. कधी कधी तर पहिल्याच मिनिटाला वर गेलो आहोत आपण, मी लिफ्टमध्ये मुसमुसत आणि तुम्ही मजल्यांचे आकडे बघत. हळूहळू माझ्या हातून चेंडू सुटेनासाच झाला.

खरं सांगू का, तुम्हाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट संघात तुम्ही विकेटकीपर होतात, तेवढ्याच शिदोरीवर तुमची शिकवणी चाललेली. एकदा तुम्ही काकाला पुण्याहून "कीपरचे ग्लोव्हज" आणायला सांगितलेत आणि त्याने इमानदारीत विकेटकीपिंगचे आणले, जाड, नारिंगी, बोटांच्या मध्ये जाळी असलेले. मी ते घालून शाळेच्या मैदानावर उतरले आणि आमचे सर पोट धरून हसले. घरी येऊन मी ते स्वयंपाकघरात तुमच्यासमोर आपटले. आई पोळ्या लाटायची थांबली. तुम्ही ते उलटसुलट करून बघितलेत, गॅसजवळच्या ओट्यावर एकावर एक नीट ठेवलेत आणि म्हणालात, "शेवटी झेलायचंच ना? मग चेंडूवर झडप घालायची नाही. पाहुणा आलाय असं समजायचं. त्याला घरात घ्यायचं." मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी जेवले नाही. पण चेंडू मात्र त्यानंतर तसाच घेऊ लागले.

एकोणिसाव्या वर्षी मी इंग्लंडला शिकायला गेले आणि शिक्षण संपता संपता तिथल्या एका लहान शहरातल्या क्लबने मला महिला संघात घेतलं. आई सांगते, त्या दिवशी तुम्ही ऑफिसात पेढे वाटलेत, गेटवर पास तपासणाऱ्यालाही दिलेत. मी तुम्हाला हे सांगितलं नव्हतं की मी तिसऱ्या क्रमांकाची गोलकीपर होते. म्हणजे सरावात इतरांना चेंडू मारून द्यायचे, जाळ्या बांधायच्या नि सोडायच्या, आणि सामन्याच्या दिवशी जाड कोट घालून बेंचवर बसायचं. थंडीत बोटं अशी बधिर व्हायची की बुटांच्या नाड्या दाताने सोडवायला लागायच्या. फोनवर मी फक्त म्हणायचे, छान चाललंय.

आमच्या गोलकीपर-कोच म्हणजे एक उंच, दणकट, तोंडाने फटकळ बाई होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "इतके सुंदर हात मी क्वचित बघितले. पण इथे कॉर्नर आला की तुला कुणी झेलू देणार नाही. सात जणी अंगावर येतील. मूठ मार आणि चेंडू लांब घालव." मला ते जमेना. बाबा, मूठ मारली की चेंडू कुठेतरी जाऊन जमिनीला टेकणार! माझ्या अंगात ते बसलंच नव्हतं. मग कोचबाई दोन मुलींच्या हातात गादीसारखे पॅड देऊन मी उडी मारली की दोन्ही बाजूंनी मला धक्के मारायला लावायच्या. आठ महिने रोज हे चाललं. फेब्रुवारीपर्यंत मी मूठ मारायला शिकले, आणि चांगली शिकले.

हेही तुम्हाला सांगितलं नाही. सोमवारी पहाटे कंपनीची बस पकडण्याआधी तुम्ही फोन करायचात, माझ्याकडे अजून रविवार संपलेला नसायचा. क्लबच्याच दुसऱ्या संघाकडून मी खेळायला लागले होते. हरलीस की जिंकलीस, किती गोल झाले, हे तुम्ही कधी विचारलं नाही. तुमचा एकच प्रश्न, "किती झेललेस?" मी मुठीने घालवलेलेही त्यात धरून सांगायचे. नऊ म्हणायचे, अकरा म्हणायचे. तुम्ही पलीकडून "वा!" म्हणायचात आणि मागून आईचा आवाज यायचा, "अहो, बस जाईल."

मार्चमध्ये आमची मुख्य गोलकीपर जायबंदी झाली, दुसरी तापाने पडली, आणि एका रविवारी पहिल्या संघात माझं नाव लागलं. योगायोग असा, की तुम्ही वर्षाची सगळी रजा गोळा करून मला भेटायला आलेला होतात. लहानसं मैदान, मोजकी माणसं. गोलमागच्या कठड्याशी तुम्ही उभे, तीन स्वेटर, कानटोपी, काखेत थर्मास. तेवढ्या गोऱ्या माणसांत मला एकटे तुम्हीच दिसत होतात. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत एकही गोल झाला नव्हता. मग पाऊस सुरू असताना कॉर्नर आला. मी उडी मारली, दोन्ही हात चेंडूकडे गेले, कुणाचा तरी खांदा बरगडीत लागला, आणि ओला चेंडू माझ्या हातांतून निसटून पायांमध्ये पडला. तो कुणी आत ढकलला ते मी बघितलंही नाही. आम्ही एका गोलने हरलो.

सामन्यानंतर पार्किंगमध्ये तुम्ही थर्मासचं झाकण काढून माझ्यासाठी चहा ओतत होतात. म्हणालात, "हात अगदी बरोबर गेले होते गं. चेंडू ओला होता." आणि मी तुमच्यावर ओरडले. सगळ्या संघासमोर, मराठीत, म्हणजे कुणाला शब्द कळले नाहीत पण सूर कळला. "तुमच्यामुळे झालं हे! मूठ मारायची असते अशा वेळी. तुम्हाला काही कळत नाही आणि तुम्ही मला चुकीचं शिकवलंत. आयुष्यभर नुसतं झेल, झेल." तुम्ही चहा हातात धरून ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "असं होय? मला माहीत नव्हतं." झाकण माझ्यापुढे करून म्हणालात, "चहा घे, गार होईल." मी घेतला नाही. तुम्ही तो परत थर्मासमध्ये ओतायला गेलात आणि थोडा तुमच्या बाहीवर सांडला.

पुढच्या सामन्याला मी परत बेंचवर. तुम्ही सिंगापूरला परत गेलात आणि सोमवारचे फोन चालू राहिले, पण "किती झेललेस" हा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारला नाहीत. जेवलीस का, थंडी कशी आहे, एवढंच. मला वाटायचं रागावला आहात. मलाही माफी मागायचा कंटाळा, खरं तर लाज. डिसेंबरात घरी जाणारच आहे, तेव्हा बघू, असं म्हणत राहिले. ऑक्टोबरात तुम्ही कंपनीच्या बसमध्ये गेलात. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला वाटलं झोप लागली आहे. वुडलँड्सच्या थांब्यावर त्याने तुमच्या खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. मी आले, तेरा दिवस राहिले, आणि परत गेले. तिथे आणखी चार वर्षं खेळले, शेवटची दोन वर्षं पहिल्या संघात, आणि एकदाही गोलमागच्या कठड्याकडे बघितलं नाही.

आता अकरा वर्षं झाली. मी आईकडे, म्हणजे आपल्याच घरात राहते आणि बुकित तिमाहच्या एका शाळेत मुलींना गोलकीपिंग शिकवते. त्या मला "कोच, टू टायर्ड लाह" असं इथल्या इंग्रजीत तोंडावर सांगतात, तुमच्यासमोर मी असं म्हणून बघितलं असतं तर! हे सगळं आज लिहायला बसले ते दुसऱ्या मजल्यावरच्या अंकलमुळे. ते घर विकून मुलीकडे राहायला चालले आहेत. गेल्या शनिवारी त्यांनी मला दारातून हाक मारली आणि स्टोअररूममधून एक पिशवी आणून दिली. आत चेंडू. आपला, हवा गेलेला, चपटा.

"युअर फादर्स," ते म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडे कसा? तर म्हणे त्या वर्षी, एप्रिलपासून, तुम्ही रोज संध्याकाळी खाली उभे राहायचात. चेंडू वर उडवायचा आणि मुठीने खांबावर मारायचा. धाड, धाड, धाड. पहिल्या दिवशी अंकल रागावायला खाली उतरले. तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात आणि सांगितलंत, माझी मुलगी डिसेंबरात येते आहे, मी तिला चुकीचं शिकवलंय, त्याआधी मला नीट शिकायला हवं. मग अंकलच तुम्हाला लेटरबॉक्सच्या बाजूने चेंडू टाकून द्यायला लागले. आईला कळू नये म्हणून चेंडू त्यांच्याकडे असायचा. तुम्ही, बाबा, त्या पाटीखाली!

"बट युअर फादर आह," अंकल हसत हसत म्हणाले, "कॅनॉट पंच लाह. एव्हरी टाइम ऑल्सो कॅच. देन ही स्कोल्ड हिमसेल्फ." त्यांना वाटत होतं आम्हाला हे माहीत असेल. मी त्यांचे आभार मानले, जिना उतरून खाली गेले आणि ज्या खांबापाशी तुम्ही उभे राहत असाल त्याला टेकून रडले. तुम्ही गेलात तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही, आणि पोस्टात टाकायचं तर तुमचा नि माझा पत्ता एकच. चेंडूत हवा भरून तो तुमच्या कपाटात ठेवणार आहे आणि त्याखाली हे. त्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, जी मी पार्किंगमध्येच सांगायला हवी होती.

त्या सामन्यात शेवटच्या कॉर्नरच्या आधी आणखी दोन आले होते. दोन्ही मी मुठीने घालवले होते, लांब, अगदी मैदानाच्या कडेपर्यंत. कोचबाई ओरडून शाबासकी देत होत्या. मी वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही थर्मास काखेत धरून नुसते उभे होतात, जरा काळजीत, कारण ते चांगलं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी माझी मूठ वळलेली होती, बाबा. ती मी वर गेल्यावर उघडली. तुम्ही टाळी वाजवावी म्हणून.