घड्याळजींच्या मोटरसायकलची जाहीर तपासणी

जुन्या गाड्या घेणाऱ्या, घेऊन फसलेल्या आणि फसल्यावरही 'तशी बरी आहे हो' असं चारचौघांत सांगणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो!

(सवय, भाऊजी, सवय. पत्र तुम्हालाच आहे. पण खोडत नाही, कारण या तिन्ही प्रकारांत तुम्ही बसता. तुमची ती निळी स्कूटर ताई अजून विसरलेली नाही. ढकलायला तीच असायची.)

आदरणीय भाऊजी, नमस्कार, कंबर परवानगी देते तितका वाकून. तुमचा खोकला कसा आहे? ताईचा गुडघा? गॅरेजचं गळकं छप्पर? आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, माझ्याशी कुणी बोलत नाही एवढंच. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी मुद्द्याच्या जवळ आलो की तुमच्याकडे नेमकं गिऱ्हाईक येतं. पत्राच्या मध्ये गिऱ्हाईक येत नाही.

तुमच्या भाचीला, आपल्या चिमीला, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली हे तुम्ही जाणताच. सोमवारपासून सकाळी साडेसहाला हजर. पहिली बस सातची. उशीर झाला तर त्या जागेसाठी दाराशी दहा जणी उभ्या आहेत, असं मोठ्या बाईंनी तिला पहिल्याच भेटीत ऐकवलं. म्हणजे सोमवारच्या आत मोटरसायकल हवी, आणि आपल्या ऐपतीत ती जुनीच असणार. बाजारपेठेमागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. कंबरदुखीमुळे डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली, म्हणून ते विकताहेत. तुम्ही तपासणीची यादी लिहून पाठवलीत, त्याबद्दल आभार. त्यातली पहिली ओळ, 'इंजिन ऐकायचं असेल तर आपलं तोंड बंद ठेवावं', ही मी तुमची नेहमीची थट्टा समजलो आणि थेट दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. इथंच सगळं बिनसलं.

दुसरी ओळ अशी: 'गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाला हात लावून बघा. गार असलं पाहिजे. गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय, म्हणजे गार असताना ते कष्टाने सुरू होतं.' वा! भाऊजी, तीस वर्षं मी व्यासपीठांवरून सांगतोय की विकणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला फक्त किंमत. पण ही सगळी विषमता एका तळहातावर मावते हे मला तुमच्यामुळे कळलं. मी काल बुधवारी संध्याकाळी पाचला पोचलो. दुकानाबाहेर गाडी धुतलेल्या चादरीखाली उभी. चादर उचलली, हात लावला. गरम!

त्यानंतर काय झालं ते मी शक्य तितक्या तटस्थपणे सांगतो. मी दुकानाच्या पायरीवर चढलो. (मुद्दाम नव्हे. उंच जागा दिसली की माझे पाय आपोआप जातात.) मी म्हणालो की हा प्रश्न एका मोटरसायकलचा नाही, हा विश्वासाचा प्रश्न आहे. झेरॉक्सवाल्या बाई मशीन बंद करून बाहेर आल्या. समोरचा न्हावी आला, त्याच्यामागे अर्ध्या गालाला साबण लावलेलं त्याचं गिऱ्हाईक आलं. माणसं जमली की माझा आवाज चढतो, आवाज चढला की आणखी माणसं जमतात, यात माझा काय दोष? न्हाव्याने मध्येच विचारलं, "साहेब, गाडी घेताय की निवडणूक लढवताय?" लोक हसले. मी हसण्याचाही उपयोग करून घेतला.

मग मी पुराव्यांकडे वळलो. तुमच्या यादीत लिहिलंय, मीटरचा आकडा कमी आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजलेलं, तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो. इथं आकडा अगदी कमी, आणि रबर असं गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. मी गर्दीला विचारलं: ज्या माणसाचा जन्म काटे मागेपुढे करण्यात गेला, त्याला चार आकडे मागे फिरवायला कितीसा वेळ? (हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. टाळी पडली. कबूल करतो, मला बरं वाटलं.)

तेवढ्यात घड्याळजी बाहेर आले. डोळ्याला भिंग लावलेलं तसंच, हातात चिमटा. त्यांनी काही म्हणण्याआधी न्हावीच बोलला, "अहो, मीटर कसला फिरवतोय तो! हा ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवतो. मी पायी निघालो तर याच्या आधी चौकात पोचतो." गल्लीने माना डोलावल्या. अशा वेळी शहाणा वक्ता थांबतो. मी सीटकडे वळलो.

पुढची सीट झिजलेली, मागची कोरी करकरीत. मी बोट रोखून विचारलं, मागची सीट का बदलली? कुठला अपघात लपवताय? मागे कोण बसलं होतं, त्याचं काय झालं, हे ग्राहकाला कळायला नको?

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं. "सीट तीच आहे," ते म्हणाले. "मागे बसायला कुणी नव्हतं."

भाऊजी, व्यासपीठावर मी टाळ्या खाल्ल्यात, शिट्ट्या खाल्ल्यात, एकदा चप्पलही खाल्ली. पण काल मला पायरीवरून खाली कसं उतरायचं ते सुचेना. साबणवाला गृहस्थसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. आणि झालेलं सावरावं म्हणून मी (हे तुमच्यापर्यंत दुसऱ्या कुणाकडून पोचण्यापेक्षा माझ्याकडूनच पोचलेलं बरं) एकट्या माणसांकडे समाज कसं दुर्लक्ष करतो यावर बोलायला लागलो. चांगली सात-आठ मिनिटं. उदाहरणादाखल घड्याळजींकडे हात करत.

तेवढ्यात त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "गाडी गरम आहे, कारण तुम्ही यायच्या जरा आधी एक मुलगी चालवून बघून गेली." मी म्हणालो, कोण मुलगी? असेल तर समोर आणा! ते म्हणाले, "तुमचीच. ती आली तेव्हा इंजिन गार होतं, पहिल्या किकला सुरू झालं. पाच मिनिटं शेजारी उकिडवी बसून ऐकत होती, एक अक्षर न बोलता. चेन बघितली, चाकं बघितली, कागदावरचा नंबर इंजिनावर ताडून बघितला. जाताना म्हणाली, काका, पाचला बाबा येतील. ते काही बोलले तर मनाला लावून घेऊ नका."

आणि त्यांनी गाडीवर चादर ओढली. "मी नाही लावून घेतलं. पण गाडी तुमच्या घरी द्यायची नाही. रोज सकाळी तुम्ही तिच्याकडे चोरीच्या मालासारखं बघणार, ते मला नाही चालायचं." न्हाव्याने चादरीचं दुसरं टोक नीट केलं.

घरी आलो तेव्हा चिमी कपडे इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. (थोडं संक्षिप्त करून. पायरी वगळली.) तिने इस्त्री बंद केली, कपाटातले जुने चालायचे बूट काढले आणि पुसत बसली. आमच्या हिने मात्र तोंड उघडलं: "ग्राहक जागा आहे हे अख्ख्या गल्लीला कळलं. आता पोरगी पहाटे पाचला उठून चालत जाईल." भाऊजी, ही बाई माझ्या एकाही सभेला आली नाही, पण बोलायला कुठे शिकली कोण जाणे.

तेव्हा माझी विनंती अशी. शनिवारी तुम्ही घड्याळजींकडे जा. माझे मेहुणे म्हणून नव्हे, सहज आलेलं गिऱ्हाईक म्हणून. गाडी बघा, पसंत करा, तुमच्या नावावर घ्या. कागदपत्रं नंतर बदलता येतील. यात खोटं बोलायचं काहीच नाही. विचारल्याशिवाय नातं सांगायचं नाही, इतकंच. कळवा.

तुमचा,
(सध्या घरात ज्याला कुणी हाक मारत नाही तो) मेहुणा

ता. क. १: चिमीने पत्र वाचलं. म्हणते, "बाबा, विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हेच तर गाडी विकणारे करतात. त्यावर तुमचं तासाभराचं भाषण आहे." तेव्हा वरचा परिच्छेद रद्द समजावा. खोडत नाही. आपण काय लिहू शकतो हे माझं मला दिसत राहावं.

ता. क. २: चिमी आज दुपारी परस्पर घड्याळजींकडे जाऊन आली. काय बोलली ते सांगत नाही. त्यांना मागच्या सीटवर बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आणली, असं झेरॉक्सवाल्या बाईंकडून कळलं. ते गाडी द्यायला तयार आहेत. शनिवारी अकराला. एकच अट आहे: मी यायचं, इंजिन सुरू झाल्यावर शेजारी उभं राहून पाच मिनिटं ऐकायचं, एक शब्द बोलायचा नाही. गल्ली बघायला येणार आहे. न्हावी त्या वेळेत दुकान बंद ठेवणार म्हणे.

ता. क. ३: भाऊजी, पाच मिनिटं! मी घरी दार लावून करून बघितलं. दीड मिनिटाला 'मित्रहो' बाहेर आलं. हात जोडून सांगतो, शनिवारी पावणेअकराला गल्लीच्या तोंडाशी या, माझ्या शेजारी उभे राहा, आणि इंजिन सुरू झालं की तुमचा पाय माझ्या पायावर ठेवा, घड्याळजी ब्रेकवर ठेवायचे तसा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गॅरेजमधले जड बूट घालून या.