पिंपातले टोमॅटो

नाना, यंदा थंडीत मी गच्चीवर टोमॅटो लावलेत. चिखलोलीला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर. ज्या शेतांतून तुम्ही सायकलवर पोत्यात माती भरून आणायचात, तिथेच आता आम्ही राहतो, आणि माती मात्र मला पिशवीतून विकत आणावी लागते. ती कुठली, कुणी भरली, कोण जाणे. पिशवीवर गुलाबाचं चित्र आहे, तेवढ्यावर विश्वास ठेवायचा. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं आणि लिहायला बसले, तर बाकीचंही सगळं वर आलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी झाले आहे. तेव्हा थोडं चढ्या आवाजात बोलले, तर ऐकून घ्या.

अंबरनाथ पूर्वेची ती बैठी चाळ आठवते ना? आपल्या मोरीपासून मागच्या भिंतीपर्यंत जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा होती. दिवाळी सरली, की तुमच्या अंगात यायचं. पहिली पाळी करून दुपारी घरी यायचात, जेवण व्हायच्या आधीच पहार घेऊन मागे जायचात आणि तो मुरूम उकरत बसायचात. मग तबेल्यातलं शेण, जांभूळ गावच्या तुमच्या सोबत्याने दिलेला भाताचा पेंढा आणि चिखलोलीची माती. मेथी, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे. भिंतीला बांबू टेकवून वालपापडीचा मांडव. मोरीचं पाणी वाफ्यात सोडायला एक पाट काढला होतात आणि साबणाच्या पाण्याने मेथी करपते म्हणून आईला राखेने भांडी घासायला लावायचात. आई म्हणायची, "हात माझे करपले तरी चालतील, मेथी नको करपायला." तुम्ही हसायचात. डिसेंबरात दादरला चैत्यभूमीवर जाऊन आलात, की टोमॅटोची रोपं मोठ्या जागी हलवायचात, त्याआधी नाही. बियाणं आणायला मला उल्हासनगरला न्यायचात. तिथला दुकानदार शेठ म्हणायचा, "बीज नहीं उगा तो मेरे को आके बोलना, साईं." त्यावर तुम्ही, "नहीं उगा ना शेठ, तो तुमकोच लगाएगा मिट्टी में." मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटायचा. तुमच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही मुळा उपटता उपटता, माझ्याकडे न बघता.

पण मला बोलायचं आहे ते पिंपांबद्दल. तुमची कंपनी रंगाची. तुमची नखं, हाताच्या रेषा, उशीचा अभ्रा, सगळं पिवळं. आंघोळीनंतर टॉवेलसुद्धा पिवळा व्हायचा, म्हणून आई तो वेगळा वाळत घालायची. कंपनीतून रिकामी पिंपं बाहेर यायची आणि चाळीत त्यांना मोठी मागणी असायची. थंडी संपता संपता नळ लहरीपणा करायला लागायचा, त्यामुळे ज्याच्या दारात पिंप तो श्रीमंत. तुम्ही दोन आणलीत. एक आपल्याला, एक शेजारच्या काकूंना. काकू कोकणातल्या, तोंडाने फटकळ पण हाताने सढळ. त्यांच्या घरी मासे झाले, की एक वाटी आपल्याकडे यायचीच. पिंप मिळाल्यावर त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. पुढच्याच आठवड्यात तुम्ही ते परत मागायला गेलात. म्हणालात, "मला टोमॅटो लावायला पाहिजे." काकूंनी पाणी ओतून दिलं आणि पिंप गडगडत आपल्या दारात आणून सोडलं. "घ्या तुमचं! दिलेलं परत मागणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला." मग महिनाभर त्या आपल्याशी बोलल्या नाहीत. माशांची वाटीही बंद झाली. मी लाजेने त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायची.

ती दोन्ही पिंपं तुम्ही कंपनीतल्या वेल्डरकडून अर्धी कापून आणलीत. चुन्याने घासलीत, सोड्याने धुतलीत, उन्हात पालथी घातलीत, पुन्हा घासलीत. आतला पिवळा डाग काही गेला नाही. मग त्यात माती भरून टोमॅटो आणि वांगी लावलीत. आणि काय आली ती! जमिनीतली रोपं त्यांच्यापुढे आजारी दिसायची. पिंपातली वांगी तुकतुकीत, टोमॅटो घोसाघोसाने. आणि ते सगळे तुमचे. आई स्वयंपाकाला बसली, की दोन भांडी चढायची. मोठ्या पातेल्यात जमिनीतली मेथी किंवा वाल, आम्हा सगळ्यांना. छोट्या भगुल्यात पिंपातली भाजी, ती फक्त तुम्हाला. धाकटा भाऊ तुमच्या ताटात हात घालायला गेला, तर तुम्ही ताट उचलून दाराशी जाऊन बसायचात. काकूंचा राग निवळला तेव्हा त्या भिंतीवरून म्हणाल्या होत्या, "काय हो, पोरांना पण द्या की त्यातलं एखादं!" तुम्ही म्हणालात, "आधी मालकाचा हिस्सा, काकू." सगळे हसले. मी नाही हसले. माझा बाप खादाड आहे, हे मी तेव्हा मनाशी नक्की करून टाकलं.

आणि तो दिवस. मी शाळेतून आले आहे, आई पाण्याच्या रांगेत आहे, मागे कुणी नाही. पिंपातला एक टोमॅटो इतका लाल झाला आहे, की त्याच्याकडे बघूनच तोंडाला पाणी सुटतं. मी तो तोडते, फ्रॉकला पुसते आणि अर्धा तोंडात घालते. तेवढ्यात तुम्ही येता. तुमच्या हातातला डबा खाली पडतो. तुम्ही माझा जबडा धरता, तुमचं ते पिवळं बोट माझ्या तोंडात घालून टोमॅटो बाहेर काढता, मला मोरीत वाकवून चुळा भरायला लावता आणि मग एक सणसणीत थोबाडीत देता. "हात लावायचा नाही म्हटलं होतं ना! माझं आहे ते! माझं!" काकू भिंतीवरून बघत होत्या. तुम्ही मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. गालापेक्षा ते 'माझं' जास्त लागलं. एका टोमॅटोसाठी, नाना.

दोन-तीन दिवसांनी तुम्ही मला एक छोटं खुरपं दिलंत. कंपनीत पट्टी वाकवून केलेलं, लाकडी मुठीचं, माझ्या हाताच्या मापाचं. मांडवाखालचा एक कोपरा दाखवून म्हणालात, "हा वाफा तुझा. इथलं सगळं तू खायचं, कुणाला विचारायचं नाही." मी खुरपं घेतलं, पण तुमच्याशी बोलले नाही. मेथी टाकली, ती उगवली, तिची भाजी झाली, तरी माझा राग गेला नाही. खुरपं मात्र अजून माझ्याकडे आहे. मूठ बदलली, पातं तेच आहे.

पुढे तुम्ही आजारी पडलात, लघवीतून रक्त जायला लागलं, डॉक्टर तंबाखू खाता का, बिडी ओढता का असं विचारत राहिले, आणि तुम्ही कशालाच हो म्हणत नव्हतात. चाळ सुटायच्या आधीच तुम्ही गेलात. ते सगळं मी इथे लिहीत नाही. तुम्ही त्यातून गेला आहात, तुम्हाला परत कशाला सांगू.

मला कळलं ते त्यानंतर काही वर्षांनी, बदलापूरला धाकट्याच्या घरी. आई आणि मी मेथी निवडत बसलो होतो. मी सहज म्हणाले, "नाना भारीच खादाड होते गं. पिंपातलं एक वांगं कधी मिळालं नाही आम्हाला." आईचा हात थांबला. "खादाड? माझ्यासमोर पुन्हा म्हणू नकोस." आणि मग ती बोलत सुटली. पिंपं घरी आणल्यावर कंपनीतल्या कुणीतरी तुमच्या कानावर घातलं होतं, की यातला माल वाईट आहे, यात पाणी भरू नका. त्याच दिवशी तुम्ही आपलं पिंप रिकामं केलंत आणि काकूंकडे गेलात.

"मग फेकून का नाही दिली?" मी विचारलं.

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, फेकू कुठं? कुणीतरी उचलणार आणि पाणी भरणार. माती भरली की कुणी मागायला येत नाही."

"पण काकूंना खरं सांगायचं ना!"

"मागच्या ओळीत कंपनीचा सुपरवायझर राहायचा. बोललं असतं की नोकरी गेली असती. तुम्हालाही म्हणूनच नाही सांगितलं, पोरांच्या पोटात काही राहतं का?"

"आणि खायचं कशाला मग? झेंडू लावायचा होता!"

आईने मेथीच्या काड्या गोळा केल्या. "सांगितलं होतं मी झेंडू लावा म्हणून. म्हणाले, फुलं लावायला आपण काय बंगलेवाले आहोत? आणि मग एवढी वांगी लागली. भांडले मी. म्हटलं, उपटून टाका. म्हणाले, उगवलेलं टाकवत नाही. मी तसाही दिवसभर त्यातच असतो, मला अजून काय होणार आहे."

नाना, यावर मी तुमच्याशी किती भांडले आहे, मनातल्या मनात. मला तुमचा राग येतो. वांगी तर वांगी, ती टाकायला तुम्हाला काय झालं होतं? माझ्यासाठी तुम्ही माझा जबडा उघडलात, स्वतःसाठी का नाही? त्या भाजीने काही झालं, की कंपनीतल्या रंगाने, की कशानेच नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मी एका डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, आता विचारून काय उपयोग. आणि त्याच वेळी मला रडू येतं, कारण काकूंच्या शिव्या, चाळीचं हसू आणि माझा अबोला हे सगळं तुम्ही गिळलंत आणि वर 'मालकाचा हिस्सा' म्हणून विनोद केलात. रानाचा मालक व्हायची हौस होती ना तुम्हाला, मग असला हिस्सा का घेतलात? काकू शेवटपर्यंत तुम्हाला चिकट म्हणायच्या. मी त्यांना सगळं सांगायला गेले, तोवर त्या गावी निघून गेल्या होत्या.

हे पत्र मी कुठे पाठवणार? लिहून झालं, की घडी घालून खुरप्याशेजारी ठेवीन. पण एक गोष्ट राहिली आहे, ती सांगून टाकते. परवा गच्चीवरचा पहिला टोमॅटो लाल झाला. माझी नात माझ्या आधी धावली. तिने हात लावला, आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब! तो माझा आहे." पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती खाली निघून गेली आणि मी त्या पिशवीतल्या मातीत वाढलेला तो टोमॅटो तिथेच उभी राहून एकटीने खाल्ला. चांगला होता, गोड होता. तिला तो का दिला नाही, हे मला तिला अजून सांगता आलेलं नाही.